संस्थेचं ज्ञान रजेवर आहे

आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाची नवी आवृत्ती २०१५ साली निघाली, तेव्हा तिच्यात ७.१.६ या नंबराचं एक कलम आलं. काम चालवायला जे ज्ञान लागतं ते संस्थेने ओळखावं, जपावं आणि लागेल त्याला मिळेल अशी सोय करावी, असं हे कलम सांगतं. आयएसओचं मुख्य ऑफिस जिनिव्हाला आहे. तिथे बसून ‘लागेल त्याला मिळेल’ असं लिहायला काही जात नाही. वसई पूर्वेला एखाद्या गाळ्यात बसून लिहून दाखवावं.

आमचा गाळा वालीवला. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात नुसत्या इस्टेटीच इस्टेटी आहेत. एका गाळ्यात पितळेचे नट कापतात, शेजारी पुठ्ठ्याची खोकी होतात, समोर कोणीतरी इमिटेशनच्या दागिन्यांना मुलामा देत असतो, आणि आमच्याकडे प्लॅस्टिकची झाकणं, क्लिपा आणि पंख्याच्या पोटातला, जन्मात कोणाला दिसणार नाही असा एक तुकडा तयार होतो. ऑफिस म्हणजे पोटमाळा. खाली मशिनं, वर आम्ही, आणि मधल्या लोखंडी जिन्यावर दोन्हीकडची माणसं घरच्यांशी फोनवर बोलत उभी.

तर ऑडिटर आले. चहा झाला, बिस्किटं झाली, काजू झाले. (काजू आमच्याकडे फक्त ऑडिटला निघतात.) मग फाइल चाळत त्यांनी विचारलं, “सात पॉइंट एक पॉइंट सहा. तुमचं ऑर्गनायझेशनल नॉलेज कुठे आहे?”

शेठनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझरने कपाटाकडे पाहिलं, पण कपाटात गेल्या दिवाळीच्या मिठाईचे रिकामे डबे आहेत हे त्याला माहीत होतं. शेवटी दारात उभ्या असलेल्या हेल्परने खरं ते सांगून टाकलं, “साहेब, ते आज रजेवर आहेत. भाच्याची हळद आहे.”

ऑडिटर वसईत नवे नव्हते. ते एवढंच म्हणाले, “उद्या येतील ना?”

‘ते’ म्हणजे मामा. आमचे सेटर. शेठपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. मोल्डिंगचं काम ऐकायला सोपं आहे. वरच्या हॉपरमध्ये प्लॅस्टिकचा दाणा टाकायचा, तो बॅरलमध्ये वितळतो, दाबाने साच्यात जातो, थंड होतो, साचा उघडतो, जॉब खाली पडतो. इतकं मलाही कळतं. पण साचा बदलल्यापासून पहिला चांगला जॉब पडेपर्यंत जे काही करायचं असतं, ते फक्त मामांना कळतं. माल कमी गेला तर जॉब अर्धवट निघतो, त्याला ‘शॉर्ट’ म्हणतात. जास्त गेला तर कडेने पापुद्रा सुटतो, तो ‘फ्लॅश’. या दोहोंच्या मधे एक अरुंद वाट आहे आणि त्या वाटेवर मामा उभे आहेत, आपल्याकडे पाठ करून.

एरवी अंगाने बारीक माणूस. पण सेटिंगला उभे राहिले की त्यांची पाठ रुंद होते. मागून पॅनलवरचा एक आकडा दिसेल तर शपथ. काम झालं की पॅनलवरचं पान बदलून ठेवतात, बटणं रुमालाने पुसतात आणि “चालू कर रे” म्हणून तंबाखू मळायला बाहेर जातात.

आमच्याकडे डिप्लोमा झालेला एक पोरगा लागला. हुशार पोरगा. मामा डबा खायला बसले असताना त्याने पॅनलच्या झाडून सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले. पुढच्या खेपेला तोच साचा चढला तेव्हा मामा नव्हते. पोराने फोटो बघून आकडा न् आकडा भरला. पहिले जॉब शॉर्ट. पुढचेही शॉर्ट. दाब वाढवला तर फ्लॅश. दुपारपर्यंत पोतंभर रिजेक्शन निघालं. दुसऱ्या पाळीला मामा आले, त्यांनी फोटो नीट बघितले, “बरोबर आहेत की सगळे,” म्हणाले आणि मशीनच्या मागे जाऊन साच्याला जाणाऱ्या थंड पाण्याचा वॉल्व पाव आटा फिरवला. जॉब आरशासारखा. वॉल्वचा फोटो काढायचं पोराला सुचलं नव्हतं. आणि सुचलं असतं तरी पाव आटा फोटोत दिसत नाही.

मांजर ही वाघाची मावशी. तिने वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं स्वतःकडे ठेवलं. आमच्याकडे मावशीच्या जागी मामा आहेत, एवढाच फरक.

यावरून मामा खडूस आहेत असं कोणाला वाटेल, तर तसं नाही. पोराच्या पोतंभर रिजेक्शनचं त्यांनाच जास्त वाईट वाटलं. पण मामा शिकले ते गोरेगावच्या एका वर्कशॉपमध्ये, एका उस्तादाच्या हाताखाली, आणि तो उस्ताद प्रश्नाला पान्याने उत्तर द्यायचा. मामांनी त्याला चहा आणून दिला, त्याची हत्यारं पुसली आणि पुसता पुसता डोळ्याच्या कोपऱ्यातून जे दिसलं ते उचललं. आता कोणी पॅनलचा फोटो काढून दहा सेकंदांत ते घेऊन जायला लागलं तर चहाचे इतके कप कोणाच्या खात्यात मांडायचे? शिवाय दुसराही हिशेब आहे, आणि तो मामांनी मला टपरीवर सरळ सांगितला. “शेठला सेटर लागतो, कारण सेटिंग सेटरला येतं. सेटिंग कागदावर आलं, मग सेटर कशाला लागतो?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिनिव्हाकडेही नसावं.

हे सगळं मामांनी टपरीवर सांगितलं, गाळ्यात नाही, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीने आपल्या मशीनदुरुस्तीवाल्यांचा अभ्यास करायला ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ नेमला होता. त्याचं पुस्तक १९९६ साली आलं. कंपनीची समजूत अशी की दुरुस्तीवाला जाडजूड मॅन्युअल उघडतो आणि त्यातल्या पायऱ्यांप्रमाणे मशीन दुरुस्त करतो. ऑर त्यांच्याबरोबर हिंडला तेव्हा त्याला दिसलं की खरी दुरुस्ती खाण्यापिण्याच्या टेबलावर शिकली जाते. एक जण सांगतो, परवा अमक्या मशीनने मला कसं रडवलं. दुसरा म्हणतो, तू त्याचं अमुक बघितलंस का. आणि अशा गप्पांतून मॅन्युअलमध्ये नसलेलं मशीन प्रत्येकाच्या डोक्यात तयार होतं. हे शोधायला अमेरिकेला मानववंशशास्त्रज्ञ लागला. आमच्या इस्टेटीच्या गेटावरच्या टपरीवाल्याला हे पहिल्यापासून माहीत आहे, म्हणून त्याने बाकडं टाकलंय. पुढे झेरॉक्सने या युक्त्या साठवायला संगणकावर एक व्यवस्था केली, आणि तिच्यात प्रत्येक युक्तीसोबत ती सुचवणाऱ्याचं नाव ठेवलं. यात मात्र शहाणपण होतं. मामांचा पाव आटा ‘मामांचा पाव आटा’ या नावाने भिंतीवर लावला असता तर मामांनी तो बहुधा दिलाही असता. आमच्या भिंतीवर शेठच्या वडिलांचा फोटो आहे आणि ‘क्वालिटी इज एव्हरीबडीज जॉब’ अशी पाटी आहे. एव्हरीबडी म्हटलं की मामांचा विषयच संपला.

जपान्यांनी आणखी वेगळी वाट धरली. १९८५च्या सुमारास ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत घरच्या घरी पाव करायचं यंत्र बनत होतं आणि पाव काही जमत नव्हता. बाहेरून करपलेला, आतून कच्चा. तेव्हा इकुको तनाका नावाच्या त्यांच्या एका सॉफ्टवेअरवाल्या बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलातल्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवारीला गेल्या आणि कणीक मळत बसल्या. पाववाला पीठ मळताना त्याला ताण देऊन एक विशिष्ट पीळ देतो हे त्यांनी हाताने ओळखलं. मग यंत्राच्या आत तसल्या पन्हाळ्या बसवल्या आणि पाव फुगला. व्यवस्थापनाच्या वर्गात हा दाखला फार आदराने देतात. माझ्या मते यातली सगळ्यात अवघड गोष्ट पीळ ओळखणं ही नव्हेच. त्या पाववाल्याने बाईंना शेजारी उभं राहू दिलं, ही आहे.

आमच्या पोराला मामांनी शेजारी उभं राहू दिलं ते कणीक मळल्यामुळे नाही, तर हळदीत नाचल्यामुळे. वसईकडची हळद म्हणजे लग्न त्या मानाने किरकोळ वाटावं असा कार्यक्रम. मामांनी सगळ्या स्टाफला तोंडी आमंत्रण दिलं होतं. ऑफिसवाले पाकीट देऊन, जेवून, ‘लास्ट रिक्षा जाईल’ म्हणून सटकले. पोरगा थांबला. त्याने थंड बाटल्यांचे क्रेट उचलले, मामांच्या बहिणीच्या हातून हळद लावून घेतली आणि डीजे बंद होईपर्यंत मामांच्या थोरल्या भावासमोर असा काही नाचला की सोमवारी मामांनी त्याला हाक मारली ती ‘ए डिप्लोमा’ अशी नव्हती, ‘भाच्या’ अशी होती. त्याच दिवशी दुपारी वॉल्वचं गुपित फुटलं. नुसतं फुटलं नाही, उन्हाळ्यात टाकीचं पाणी कोमट झालं की पाव आट्याचं किती करायचं तेही सांगितलं गेलं. आमच्या एचआरने (आठवड्यातून एकदा येणारे एक गृहस्थ) ट्रेनिंग रेकॉर्डच्या रकान्यात ‘ऑन द जॉब’ असं लिहिलं. ‘ऑन द डान्स फ्लोअर’ लिहायला हवं होतं.

मामांच्या अगदी उलट आमचे स्टोअरवाले काका. ते काहीही लपवत नाहीत आणि हा जास्त मोठा त्रास आहे. त्यांना विचारलं, “काका, सहा एमएमचे बोल्ट कुठे आहेत?” की काका चष्मा काढतात. चष्मा निघाला की विचारणाऱ्याने खाली बसावं. “त्याचं काय झालं, जुलै २०१८ आठवतंय ना तुला?” त्या जुलैत वसई-नालासोपारा पाण्यात होतं, रुळांवर पाणी येऊन गाड्या थांबल्या होत्या, मिठागरात माणसं अडकली होती. आमच्या गाळ्यातही पाणी आलं. तेव्हा काकांनी खालच्या रॅकमधलं सगळं वर टाकलं. पाणी जसं चढत गेलं तसं एकेक खोकं वर गेलं, आणि पाणी उतरल्यावर ते खाली आणायचा हुकूम कोणी दिला नाही. त्यामुळे आमचं स्टोअर आजही क्रमाने लावलेलं आहे, फक्त तो क्रम पुराचा आहे. पहिल्या तासाला भिजू लागलेल्या वस्तू एका ठिकाणी, रात्रीच्या वस्तू दुसऱ्या ठिकाणी. सहा एमएमचे बोल्ट लाइट गेल्यानंतरचे आहेत, म्हणून ते मागच्या माळ्यावर चाचपडत शोधावे लागतात. हे ज्ञान काका प्रत्येकाला पूर्ण देतात. घेणाऱ्याला ज्या ठिकाणी बोल्ट लावायचा असतो ते तोपर्यंत दुसऱ्या कोणीतरी तारेने बांधलेलं असतं.

मधल्या जातीच्या म्हणजे अकाउंटवाल्या मॅडम. मॅडम विचारल्याचं उत्तर देतात, पण विचारल्याचंच. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला, पाठोपाठ ई-वे बिल आलं, आणि त्या धामधुमीत मॅडमनी एक एक्सेल शीट बनवली. त्या शीटमध्ये आमच्या कंपनीचा जीव आहे. तिला पासवर्ड आहे. मॅडमनी एकदा राजीनामा दिला होता, तेव्हा त्यांच्या जागी येणाऱ्या मुलीला चार्ज द्यायचा ठरला. मुलीने विचारलं, “मॅम, ही शीट कशी भरायची?” मॅडम म्हणाल्या, “पिवळ्या घरात आकडा टाकायचा.” मुलीने टाकला. बाकीचं सगळं आपोआप भरलं. “कसं भरलं?” “आपोआप.” महिनाभराच्या नोटीस पीरियडमध्ये चार्ज इतकाच झाला. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली, तेव्हा तह झाल्यावर पोर्तुगीजांनी अख्खा किल्ला, तटबुरुजांसकट आणि चर्चमधल्या घंटांसकट, आठवडाभरात मराठ्यांच्या ताब्यात दिला. त्यांच्यात एखाद्या अकाउंटवाल्या मॅडम असत्या तर मराठे अजून वेशीवर पासवर्डची वाट बघत असते. आमच्या शेठनी तेवढा वेळ घालवला नाही. त्यांनी पगार वाढवून मॅडमनाच परत बसवलं.

इथवर वाचून वाटेल की माणसं ज्ञान लपवतात ती खुर्ची टिकवायला. ते खरं आहे, पण निम्मंच. उरलेली निम्मी माणसं लपवतात ती काम टाळायला, आणि या निम्म्यांत मी आहे. ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की मागचं झाकण उघडून हिरवा खटका उजवीकडे दाबायचा असतो. मला हे माहीत आहे. मला हे माहीत आहे हे कोणालाही माहीत नाही. कारण माझ्या आधी हे ज्याला माहीत होतं त्याला मी पाहिलेलं आहे. तो बिचारा डिस्पॅचला होता. एकदा त्याने खटका दाबला आणि त्या दिवसापासून तो प्रिंटरवाला झाला. मग प्रिंटरला वायर असते म्हणून वायरवाला झाला, वायर भिंतीत जाते म्हणून इलेक्ट्रिकवाला झाला, आणि शेवटी एसीतून पाणी गळायला लागलं तेव्हा शेठनी त्यालाच शिडी धरायला लावली. हल्ली कागद अडकला की आम्ही सगळे प्रिंटरभोवती उभं राहून हळहळतो. मग मी एकटा असताना खटका दाबतो आणि ‘आपोआप चालू झाला’ असं जाहीर करतो. आपोआप या शब्दावर मॅडमची मालकी नाही.

आमचा व्हॉट्सअॅप ग्रुपही याच तत्त्वावर चालतो. शेठ ग्रुपमध्ये विचारतात, “त्या निळ्या क्लिपचं ड्रॉइंग कोणाकडे आहे?” अठरा जण वाचतात. उत्तर शून्य. उत्तर दिलं की निळी क्लिप जन्मभराची गळ्यात. पाच मिनिटांनी एक जण हात जोडल्याचं चित्र टाकतो, ते कशाबद्दल हे कोणी विचारत नाही. मग मॅनेजरच्या खाजगी नंबरावर तिघांकडून तेच ड्रॉइंग येतं, तिघांच्याही खाली एकच ओळ : ‘माझं नाव सांगू नका.’

या सगळ्यावरून वसईची माणसं आतल्या गाठीची आहेत असं कोणी म्हणेल, तर त्याने विरार लोकलमध्ये चढून बघावं. विरारहून मुंबईत बॅकबेला जाणारी पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. तेव्हा दिवसाला एक गाडी जायची, एक यायची. आता मोजवत नाहीत इतक्या आहेत आणि प्रत्येक डब्यात एक विद्यापीठ भरतं. वालीवला लागण्यापूर्वी मीही चर्चगेटला जात असे. आमच्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ होते, सरकारी खात्यातले. त्यांच्या टेबलाशी जाणाऱ्याला कुठला फॉर्म लागतो हे दोन-तीन खेपा घातल्याशिवाय कळत नसे, अशी त्यांची ख्याती. तेच गृहस्थ गाडीत फॉर्मचा नंबर, सोबत जोडायचे कागद, कुठल्या साहेबाला किती वाजता गाठायचं आणि तो साहेब गावचा कुठला, हे सगळं नायगाव सोडून गाडी खाडीच्या पुलावर चढायच्या आत सांगून मोकळे. पीएफ काढायचा आहे? दारातला माणूस यूएएनपासून सुरू करतो. पोरीची अॅडमिशन? तिसऱ्या सीटवरचा आपल्या साडूच्या अनुभवासह हजर. गुडघा दुखतोय? अख्खा डबा. बायकांच्या डब्यात तर वालाच्या शेंगा सोलता सोलता होम लोन, नणंद आणि पदोन्नतीची परीक्षा तिन्हींचा निकाल लागतो, असं मॅडमच सांगतात. त्या कांदिवलीहून सकाळी उलट दिशेच्या गाडीने येतात. त्याच मॅडमनी त्या गाडीत एका अनोळखी बाईला एक्सेलमध्ये एका शीटवरून दुसऱ्या शीटवर आकडे कसे ओढायचे ते पाटीवर लिहावं तसं खिडकीच्या काचेवर बोटाने लिहून शिकवलं होतं. अनोळखी बाईला! आमच्या पोरीला सांगितलं, पिवळं घर.

मग गाडीत कोणी काही लपवतच नाही का? लपवतात. जागा लपवतात. वसईत गाडी येते ती विरारहून भरून. म्हणून बसायला मिळावं यासाठी काही वसईकर आधी उलटे विरारला जातात आणि तिथून बसून परत येतात. यात कुठल्या वेळेची गाडी, कितवा डबा, कुठल्या दारातून घुसलं की खिडकी हाताला लागते, हे शास्त्र कोणी कोणाला शिकवत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाने मला आपल्या बँकेचा एटीएम पिन मोठ्याने सांगितला होता, पैसे काढून आणायला. अंधेरीला उठणारा माणूस कोण, हे मात्र त्याने सांगितलं नाही. मी विचारलं तर खिडकीतून मिठागरं बघायला लागला. यावरून माझी खात्री झाली की माणसाला ज्ञानाचं काही वाटत नाही. त्याला बुडाखालच्या जागेचं वाटतं. गाडीत सीट एक आणि माणसं सतरा, म्हणून गाडीत सीट लपते; ऑफिसात खुर्ची एक आणि माणसं सतरा, म्हणून तिथे पासवर्ड लपतो. गाडीत मॅडमची खुर्ची कोणी घेणार नव्हतं, म्हणून काचेवर बोट सैल सुटलं.

आमच्या शेठना अर्थात हे पटवायला कोणी गेलं नाही. ऑडिटरने निरीक्षण नोंदवल्यावर त्यांनी दर शनिवारी संध्याकाळी ‘नॉलेज शेअरिंग सेशन’ सुरू केलं. समोसे कंपनीतर्फे. पहिलं सेशन मामांचं. विषय : नायलॉन मोल्डिंग. हा विषय शेठनी मुद्दाम दिला. नायलॉनचा दाणा हवेतला ओलावा पितो, आणि वसईची पावसाळ्यातली हवा म्हणजे जवळजवळ पाणीच. दाणा ओला राहिला की जॉबवर चंदेरी रेघा उमटतात, गिऱ्हाईक माल परत पाठवतं. गेल्या पावसाळ्यात मामा होते तेव्हा रेघा नव्हत्या, मामा गावाला गेले तेव्हा होत्या. शेठना ते काय ते कळून घ्यायचं होतं.

पोराने मामांसाठी स्लाइड बनवल्या. पहिलीवर ‘सेफ्टी फर्स्ट’, दुसरीवर मशीनचा फोटो, तिसरीवर ‘थँक यू’ आणि गुलाब. मामा उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, “दाणा चांगला वापरायचा. शेकून घ्यायचा. मशीन स्वच्छ ठेवायचं. बाकी सगळं देवाच्या हातात.” टाळ्या झाल्या. शेठनी विचारलं, “कोणाला काही शंका?” शंका सगळ्यांना होत्या. पण शंका विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे शेठसमोर कबूल करणं, आणि शंकेचं उत्तर मिळालं तर उद्यापासून नायलॉन आपल्याकडे. आम्ही समोसे संपवले.

सेशननंतर मी, मामा आणि काका नेहमीच्या शेअर रिक्षात बसलो. चौथा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या बुडावर. रेंज नाक्याला नेहमीप्रमाणे ट्रॅफिक तुंबला. रिक्षावाला ओळखीचा, जौनपूरकडचा, बोलका. “क्या मामा, आज लेट? मीटिंग था क्या?” म्हणाला. आणि मामा सुरू झाले. दाणा ऐंशी डिग्रीला चार तास शेकायचा हे पुस्तकात असतंच; पण शेकलेला दाणा उघड्यावर ठेवला की अर्ध्या तासात तो पुन्हा ओलावा ओढतो. म्हणून एकदम पोतंभर शेकायचाच नाही. तासाभरापुरता थोडा थोडा काढायचा, गरम असतानाच हॉपरमध्ये टाकायचा, वर झाकण, आणि झाकणावर (इथे मामांनी आवाज खाली आणला, पण रिक्षात खाली आणलेला आवाज चौघांना ऐकू येतो) ओलं फडकं कोणी ठेवत नाही ना ते बघायचं. पोरं मशीन पुसून फडकं तिथेच वाळत टाकतात. रिक्षावाल्याने विचारलं, “तो मामा, रात को मशीन बंद, तो जो दाना बचा उसका क्या?” इतका नेमका प्रश्न आमच्या ऑफिसात आजवर कोणी विचारलेला नव्हता. मामा इतके खूश झाले की त्यांनी त्याचं भाडंही दिलं नाही. बोलण्याच्या नादात विसरले. ते मी दिलं.

त्यानंतर दर शनिवारी वर समोसे आणि रिक्षात सेशन असं चालू आहे. काकांनीही मधल्या एका शनिवारी पुराचा क्रम समजावला, आणि मॅडमना एकदा स्टेशनपर्यंत सोबत घेतलं तर एव्हरशाइनच्या वळणावर शीटचा फॉर्म्युला बाहेर आला. पोरगा मात्र या वर्गाला नसतो. तो नालासोपाऱ्याहून बाइकने येतो.

परवा रात्रपाळीला नायलॉनचा साचा चढला आणि चंदेरी रेघा आल्या. पोराने दाणा पुस्तकाप्रमाणे शेकला होता. मामांना फोन लावला तर लागेना. त्याने मला उठवलं. मला तोंडाने सांगता आलं असतं, पण मग उद्या सकाळपासून मी नायलॉनवाला. मी त्याला फक्त एक नंबर पाठवला आणि झोपलो. पोराने नंबर फिरवला. पलीकडून वसई रोड स्टेशनबाहेर शेवटच्या गाडीच्या पॅसेंजरची वाट बघणारा रिक्षावाला बोलला, “सेका, फिर खुल्ला रखा क्या? पहले ऊपर से वो गीला फडका हटाओ.”

सकाळी मामा आले. जॉब बघितले, बोटाने फिरवून पुन्हा बघितले आणि पोराला विचारलं, “कोणी सांगितलं रे?”

“आपोआप झालं, मामा,” पोरगा म्हणाला.